हसायची जागा

ब्रेकबाईंनी गाडी शिकवणं सोडलं त्याला बराच काळ लोटला होता, पण नाव काही त्यांना सोडून गेलं नव्हतं. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी, मास्तरांच्या पायाशी, एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून बाईंनी अर्धं शहर रस्त्यावर आणलं होतं. वकील, डॉक्टर, बेकरीवाले, सगळे त्यांच्या हाताखालून, खरं म्हणजे पायाखालून, गेलेले. बाईंचा आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि मग तो आवाज बाहेर पडायचा. एकदा पडला की आवरायचं नाव नाही.

घरात त्या, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा, त्यामुळे कुठे काय बिघडू शकतं हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. सूनबाई व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने भरलेली, आवाजाने जरा घोगरी. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा एक थोराड चेलो असा चौघांचा त्यांचा गट होता, आणि सगळे त्यांना चौकडीच म्हणत. ही चौकडी जुन्या थोर संगीतकारांच्या वाटेला फारशी जात नसे. आज लिहिलेलं, अजून शाई न वाळलेलं संगीत वाजवायचं, हा त्यांचा बाणा.

"जुन्या लोकांचं वाजवणारे पुष्कळ आहेत, आई," लग्नानंतर पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा सूनबाई म्हणाली होती. "आम्ही जिवंत माणसांचं वाजवतो."

"मग जिवंत माणसं ऐकायला येतात का?"

"येतात. पण तीच ती येतात."

इतकी वर्षं ब्रेकबाई काही गेल्या नव्हत्या. आधी रविवारच्या शिकवण्या असायच्या, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शिवाय दर वेळी मुलगाच म्हणायचा, "तुला कंटाळा येईल गं." तो स्वतः मात्र प्रत्येक कार्यक्रमाला जायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, टाळ्या वाजवून यायचा. पण या खेपेला चौकडीने एका नामांकित संगीतकार बाईंची नवी कोरी रचना बसवली होती, चार महिने घासून. सूनबाईची अन्नावरची वासना उडाली होती. ब्रेकबाईंनी ठरवलं, पोरीने एवढा जीव काढलाय, आपण जायचंच.

*

सभागृह लहान होतं, पण ऐटीत होतं. भिंतींना लाकूड, खुर्च्यांना मखमल, आणि माणसं अशी बसलेली की जणू निकाल ऐकायला आली आहेत. ब्रेकबाईंनी शेजारच्या गृहस्थांना सहज विचारलं, "तुमचंही कुणी वाजवतंय का?" गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं. अजून वादक आलेसुद्धा नव्हते.

मग चौघं आली, वाकली, बसली. पहिला भाग ब्रेकबाईंच्या डोक्यावरून गेला. सूर एकमेकांना टेकून उभे होते, चाल अशी कुठे सापडत नव्हती. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, मग सुनेच्या हाताकडे बघत बसल्या. हात फार छान चालत होता. भाग संपला तशी सगळ्या सभागृहाने एकदम खोकून घेतलं. इतकी माणसं इतका वेळ खोकला दाबून बसली होती याचं बाईंना नवल वाटलं.

दुसरा भाग सुरू झाला आणि बाई सरसावून बसल्या. चेलोने सुरुवात केली आणि मध्येच बंद पडला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद. दुसरं व्हायोलिन त्याला वाट द्यायला थांबलं. आता चेलो निघेल असं वाटलं, तर तोही व्हायोलिनसाठी थांबला. व्हायोला हळूच पुढे सरकली, कुणी येत नाहीसं बघून परत मागे आली. मग चौघंही गप्प. चौघांचे गज तारांवर ठेवलेले, कुणी हलेना. आणि एवढी वाट बघून, एवढा समजूतदारपणा दाखवून, चौघं एकदम निघाली आणि एकमेकांवर धाडकन आपटली.

ब्रेकबाईंच्या डोळ्यांसमोर चौक उभा राहिला. चार बाजूंनी चार शिकाऊ गाड्या, प्रत्येक जण हात करून म्हणतोय, आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. खांदे हलले, पोट हललं, आणि त्या निःशब्द सभागृहात त्यांचं हसू धबधब्यासारखं कोसळलं.

पुढच्या तीन रांगा वळल्या. मुलाचे कान लाल झाले. "आई!" तो दातांतून म्हणाला. बाईंनी रुमाल तोंडात कोंबला. तेवढ्यात व्यासपीठावर व्हायोला पुन्हा हळूच पुढे सरकली आणि पुन्हा मागे आली. रुमालाचा काही उपयोग झाला नाही. दारावरचा माणूस वाकून आला आणि कुजबुजला, "बाई, बरं वाटत नसेल तर बाहेर बसा." बरं वाटत नसायला काय झालंय? बाईंना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पण त्या उठल्या आणि उरलेले दोन भाग त्यांनी बाहेर, पाण्याच्या यंत्राशेजारी बसून, बंद दारातून ऐकले.

*

घरी आल्यावर सूनबाईने व्हायोलाची पेटी कपाटावर ठेवली आणि तशीच पाठमोरी उभी राहिली.

"आई, चार महिने. चार महिने आम्ही त्या भागाशी झगडतोय. सगळ्यात अवघड भाग आहे तो. आणि तुम्ही माझ्या कामाला हसलात."

"अगं, तुझ्या कामाला नाही हसले. त्यात जे होतं त्याला हसले."

"त्यात हसण्यासारखं काही नव्हतं!"

"काही नव्हतं तर मग एवढा वेळ काय वाजवत होतात?"

हे तोंडातून गेलं आणि बाईंना वाटलं, नको होतं बोलायला. सूनबाई आत निघून गेली. मुलगा म्हणाला, "तुला ना, कुठे काय..." आणि वाक्य तसंच सोडून तिच्या मागे गेला.

ब्रेकबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत राहिल्या. सुनेला लागलं याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. हसल्याचं मात्र वाटत नव्हतं. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ द्यायची नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. सकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "तुझं मन दुखावलं, चुकलं माझं. पण ते वाजवणं मला आवडलं गं. खोटं नाही बोलत." सूनबाई "असू दे" म्हणाली. असू दे म्हणजे अजून असू दिलेलं नाही, हे सासवांना कळतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी फोन आला. तो ठेवून सूनबाई बाहेर आली ती पांढरीफटक.

"त्या संगीतकार बाई येतायत. आपल्या घरी. म्हणाल्या, तुमच्या घरचं कुणी हसल्याचं कळलं, त्यांना भेटायचंय."

"येऊ दे की. चहा टाकते."

"आई, त्या फार मोठ्या आहेत. तुम्ही काही बोलू नका. मी माफी मागते."

*

मोठ्या बाई चणीने अगदी लहान निघाल्या. पावसाळी कोट, पायात धावायचे बूट, केस रबराने बांधलेले. आल्या त्या सरळ स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसल्या, बिस्किटांचा डबा जवळ ओढला आणि म्हणाल्या, "कोण हसलं?"

"त्याबद्दल मला खरंच..." सूनबाईने सुरुवात केली.

"मी," ब्रेकबाई म्हणाल्या.

"नेमकं कुठे?"

"चौघं थांबून राहतात आणि मग एकदम निघून आपटतात तिथे. आणि मग हिचं ते पुढे जाणं, मागे येणं. तिथे परत."

संगीतकार बाईंनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, पण त्या हसत होत्या.

"माझ्या चार मावश्या होत्या," त्या म्हणाल्या. "निरोप घ्यायला दारात उभ्या राहायच्या. एक म्हणायची, निघते हं. दुसरी म्हणायची, थांब, मीही निघते. मग तिसरीला काहीतरी आठवायचं. अर्धा तास दार उघडं, आणि बाहेर कुणी पडायचं नाही. शेवटी चौघी एकदम निघायच्या आणि दारात अडकायच्या. तेच लिहिलंय मी. जसंच्या तसं."

"मला तर चौकातल्या गाड्या दिसल्या."

"मग एकच की! आधी तुम्ही, आधी तुम्ही." संगीतकार बाईंनी टेबलावर थाप मारली. "तुम्हाला सांगते, मी तरुण असल्यापासून लिहितेय. माझ्या प्रत्येक रचनेत एक तरी हसायची जागा असते. आजवर कुणी हसलं नाही. टाळ्या वाजवतात. हात हातात घेतात. गहन आहे म्हणतात. एकाने तर परवा त्या मावश्यांवर पेपरात लिहिलं की हे मानवाच्या एकाकीपणाचं चित्रण आहे."

ब्रेकबाई हसल्या. संगीतकार बाईही हसल्या. सूनबाई मात्र दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. ती इतकंच म्हणाली, "पण तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत, ते विनोदी आहे म्हणून."

"विनोद आहे म्हणून सांगितला की तो संपला ना."

"पण आम्ही वाजवणारे आहोत!"

संगीतकार बाईंनी दुसरं बिस्कीट घेतलं. मग जरा चाचरत ब्रेकबाईंना म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात ग्रंथालयात पुन्हा कार्यक्रम आहे. तुम्ही याल? आणि तिथे... तशाच हसाल?"

"हसू म्हणजे काय नळ आहे का, सोडला की आला? एकदा कळलं ते कळलं. दुसऱ्यांदा मला ठाऊक असणार की आता आपटणार." बाईंनी आणखी चहा ओतला. "पण माझ्याकडे माणसं आहेत."

"कसली माणसं?"

"मी गाडी शिकवलेली."

*

चौकडीची तालीम एका शाळेच्या व्यायामशाळेत चालायची. संगीतकार बाईंच्या शब्दाखातर एका संध्याकाळी ती सगळ्यांना खुली ठेवली. ब्रेकबाईंनी फोन फिरवले. त्यांच्या हाकेला ओ न देण्याची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या शेजारी बसून ज्यांनी भिंतीवर गाडी घातली होती ते आयुष्यभर मिंधे होते. दातांचे डॉक्टर आले, बेकरीवाला आला, एक वकीलबाई आली, तिने आपल्या बहिणीला आणलं. बाकांवर दहा-बाराजण दाटीवाटीने बसले.

आणि ब्रेकबाईंनी उभं राहून त्यांना शिकवणीच्या आवाजात सांगितलं, "घाबरायचं काही कारण नाही. पहिला भाग जाऊ दे. दुसऱ्यात एक गमतीची जागा आहे. तिथे मोकळेपणाने हसायचं. लक्ष ठेवा."

सगळ्यांनी लक्ष ठेवलं. इतकं ठेवलं की भुवया एकमेकींना चिकटल्या. वकीलबाई पुढे वाकून बसली, साक्षीदार उलटतोय का बघावं तशी. बेकरीवाल्याने दोनदा चुकीच्या जागी "हा" केलं आणि आजूबाजूला बघितलं. चौघं थांबली, चौघं आपटली, भाग संपला. कुणी हूं की चूं केलं नाही.

"मी हसायला तयार होतो हो," बेकरीवाला नंतर कळवळून म्हणाला. "पण नेमकं कधी, ते कळेना. मला वाटलं आधी हसलो तर चुकेल."

दातांचे डॉक्टर म्हणाले, "वाजवलं छान. पण खरं सांगू का, मला हे संगीत वाटलं नाही." आणि ते खरं बोलले म्हणून ब्रेकबाईंना बरंच वाटलं.

पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या उंचाड्या माणसाने, ज्याला चौकडीत लंबू म्हणत, कागद गोळा करत सूनबाईकडे बघून नुसतं डोकं हलवलं. संगीतकार बाई व्यायामशाळेच्या दोराखाली उभ्या राहून म्हणाल्या, "बघितलंत? सांगितलं की संपलं."

घरी जाताना ब्रेकबाईंना आपल्या शिकवण्या आठवल्या. शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी स्टिअरिंग इतकं गच्च आवळतो की त्याला रस्ताच दिसत नाही, हे त्या कितीजणांना हसून सांगत आल्या होत्या. आणि आज दहा-बाराजणांच्या हातात स्टिअरिंग देऊन, गच्च धरा म्हणून त्यांनीच बजावलं होतं.

"माझीच चूक," त्या म्हणाल्या.

"नाही आई." सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. "मी वाजवते ना, मला स्वतःला ते कुठे विनोदी वाटतंय? मी नुसती मात्रा मोजत असते. ती शांतता येते ना, चौघं थांबतो ती, तेव्हा मी श्वाससुद्धा घेत नाही. एक मात्रा चुकली आणि आधी निघाले तर सगळं कोसळेल. आम्हीच एवढे टरकलेले, तर समोरचा कसा हसणार?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामाला गेल्यावर ब्रेकबाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची सुनेच्या सरावाच्या खोलीत ओढून नेली.

"तुझं एकटीचं वाजव. बाकीच्यांचं सोड."

"एकटीचं काही कळणार नाही."

"मला तरी कळू दे."

सूनबाईने वाजवलं. एक सूर पुढे, एक थबकणं. मग खालून एक लांब, घोगरं वाक्य, जणू एवढ्यात काहीतरी आठवलं. पुन्हा पुढे, पुन्हा थबकणं. पुन्हा आठवलं. ब्रेकबाई मान वाकडी करून ऐकत होत्या.

"ही बाई कोण गं?" त्या म्हणाल्या. "चौघींतली ही कोणती? हिला जायचंय तर जात का नाही?"

सूनबाईने पुन्हा तेवढाच तुकडा वाजवला, जरा हळू. मग गज खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"सांगू? रागवणार नाही ना?"

"सांग की."

"परवा शेजारच्या काकूंकडे गेलो होतो. तुम्ही उठलात, म्हणालात, चला, निघते. मग दारात चपला घालता घालता त्यांच्या गुडघ्याचं विचारलंत. मग एक चप्पल काढून आत गेलात, औषधाचं नाव सांगायला. मग परत, चला, निघते. मग जिन्यातून वर आलात, डबा राहिला म्हणून. मी खाली उभी. किती वेळ उभी होते, आई!"

"मग औषधाचं नाव सांगायला नको?"

"तेच!" सूनबाई ओरडली. "हेच! हे खालचं वाक्य म्हणजे औषधाचं नाव!" तिने गज उचलला आणि वाजवलं, आणि आता ते वाक्य खरंच चप्पल हातात घेऊन आत गेलं. ब्रेकबाईंना एक क्षण राग येऊ पाहत होता, पण तो वाटेतच फुटला आणि त्या खुर्चीवर मागे रेलून हसल्या. सूनबाईने आणखी एकदा वाजवलं, मग डब्याची जागा वाजवली, मग जिना. नंतर तिने लंबूला फोन लावला आणि आपण चौघांनी मात्रा मोजायचं थांबवून एकमेकांकडे बघायला हवं, असं त्याला बराच वेळ सांगत राहिली. लंबूने आढेवेढे घेतले, पण चेलोवाली लगेच कबूल झाली. तिच्या घरी सात आत्या होत्या.

*

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. रविवारची सकाळ. खिडक्यांतून चांगलं ऊन येत होतं, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसत होतं. नेहमीचे लोक होतेच, ओठांवर बोट ठेवणारे गृहस्थही होते. शिवाय वर्तमानपत्रं वाचायला आलेले काहीजण, कुणी उठवलं नाही म्हणून तसेच बसून राहिलेले. ब्रेकबाईंची माणसंही आली होती, दातांचे डॉक्टर सोडून. बाईंनी या वेळी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. बेकरीवाल्याने विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय माहीत? बस आणि ऐक."

त्या तिसऱ्या रांगेत बसल्या, शेजारी मुलगा. तो आधीच रुमाल काढून बसला होता, आईसाठी.

पहिला भाग गेला, खोकून झालं. दुसरा सुरू झाला. चौघं आज कागदाकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघत होती. चेलो निघाला, थांबला. चेलोवालीने दुसऱ्या व्हायोलिनकडे बघून हलकेच मान झुकवली. व्हायोला पुढे सरकली, थबकली, आणि औषधाचं नाव सांगायला परत आत गेली. ब्रेकबाईंनी ओठ आवळले. हसायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. हा सुनेचा दिवस होता. त्यांनी मुलाच्या हातातला रुमाल घेतला आणि तोंडावर धरला. रुमालाच्या वर नुसते डोळे उरले.

शांततेची जागा आली. चौघं थांबली. सूनबाईने मान वर केली आणि तिला तिसऱ्या रांगेत रुमालाच्या वरचे ते डोळे दिसले.

ती हसली. आवाज करून, नाकातून, अगदी घरात हसते तशी. गज तारेवर थरथरला आणि व्हायोलातून एक कापरा, चोरटा सूर निघाला जो कागदावर कुठेच नव्हता. लंबूने डोळे वटारून तिच्याकडे बघितलं, आणि मग त्याचंही तोंड फाकलं. चौघं एकदम निघाली आणि आपटली ती अशी की पुस्तकांच्या कपाटांच्या काचा वाजल्या.

बेकरीवाला पहिला फुटला. त्याच्या मागे वर्तमानपत्रवाला एक म्हातारा, मग वकीलबाईची बहीण, आणि मग ते हसू रांगांमधून पसरत गेलं. व्हायोला पुन्हा दाराशी येऊन परत फिरली तेव्हा एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं जा ना आता!" आणि सगळा कक्ष लोटपोट झाला. मागच्या भिंतीला टेकून संगीतकार बाई उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. दोन्ही तळवे गालांवर धरून त्या नुसत्या लोकांकडे बघत होत्या.

सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. ओठांवर बोट ठेवणारे गृहस्थ उठले, कोट घातला आणि बुटांचा आवाज करत निघून गेले.

मग तिसरा भाग आला. तो संथ होता, फारसं काही न घडणारा. दोन व्हायोलिनं वर कुठेतरी एक लांब सूर धरून बसली होती आणि खाली व्हायोला एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, दर वेळी शेवटचा शब्द गाळून. या वेळी कुणी खोकलं नाही. हसून माणसं सैलावली होती, खुर्च्यांवर नीट टेकली होती, आणि तशीच राहिली. बेकरीवाल्याने डोळे मिटले होते. ब्रेकबाईंना वाटलं तो झोपला, पण त्याची बोटं गुडघ्यावर हळू हळू चालत होती.

चौथा भाग त्यांना लांबल्यासारखा वाटला. कार्यक्रमानंतर त्यांनी संगीतकार बाईंना तसं सांगितलंही.

"शेवट जरा आटपायला हवा होता."

"नाही आटपणार," संगीतकार बाई म्हणाल्या. "तो तेवढाच हवा."

"बरं. तुमचं तुम्हाला माहीत. मी आपलं सांगितलं."

"सांगत जा. मला कुणी सांगत नाही." आणि त्यांनी ब्रेकबाईंचे दोन्ही हात धरले. लंबू मधे आला आणि जरा घसा खाकरून ब्रेकबाईंना म्हणाला, तुमची ती मंडळी, पुढच्या कार्यक्रमाला येतील का? ब्रेकबाई म्हणाल्या, "त्यांनाच विचारा. तिकडे उभे आहेत." लंबू खरंच तिकडे गेला, आणि वर्तमानपत्रवाल्या म्हाताऱ्याने त्याला कोपऱ्यात गाठून गजाला केस कोणाचे लावतात हे विचारायला सुरुवात केली.

*

परत येताना मुलगा गाडी चालवत होता. सूनबाई पुढे, ब्रेकबाई मागे. सूनबाई सारखी तो चुकीचा सूर आठवून कपाळाला हात लावत होती आणि पुन्हा हसत होती.

वळण घेता घेता मुलगा म्हणाला, "मला तो तिसरा आवडला."

"तिसरा काय?"

"तिसरा भाग. तू तेच तेच म्हणतेस आणि शेवटचं सोडून देतेस तो. पहिल्या वेळीही आवडला होता. आई बाहेर बसली होती तेव्हा."

सूनबाई त्याच्याकडे वळून बघायला लागली. "लग्न झाल्यापासून प्रत्येक कार्यक्रमाला येतोस. आजवर एकदाही म्हणाला नाहीस, अमुक आवडलं म्हणून. नुसतं, छान झालं."

"मला त्यातलं काय कळतं? वाटायचं, चुकीचंच काहीतरी आवडलं तर? तुझ्यासमोर हसं व्हायचं."

ब्रेकबाईंच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"कसं होतं ते?" सूनबाईने हळूच विचारलं. "तुझ्या लक्षात काय राहिलं?"

त्याने रस्त्यावरची नजर न काढता गुणगुणून दाखवलं. चाल जरा खाली गेली, दुसरा सूर साफ चुकला.

"तिथे नाही, वर," सूनबाई म्हणाली आणि तिने म्हणून दाखवलं. त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी दुसरा सूर जमला आणि तिसरा चुकला. ती त्याला पुन्हा सांगायला लागली, बोटाने गाडीच्या काचेवर जागा दाखवत. ब्रेकबाई मागच्या सीटवर टेकून बसल्या आणि त्या वाक्यातला गाळलेला शब्द कोणता असेल याचा त्यांनी घरापर्यंत विचार केला.